रेड्याचा पोचा

धारगळला हायवेच्या कडेला, जिथे आता पुलाचा खांब उभा आहे, तिथे अगदी अलीकडेपर्यंत पत्र्याची एक शेड होती. त्या शेडीत शिरताना पेडणे तालुक्यातल्या भल्याभल्यांचे पाय लटपटताना मी पाहिले आहेत. आत काम एकच चालायचं, गाडीचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा आणि रंग मारायचा. पण तिथे जाण्यापूर्वी लोक घरीच आपली जबानी तयार करत, दोनदा घोकत आणि शक्यतो बायकोला बरोबर नेत नसत.

कारण तिथला माणूस. त्याला सगळे मेस्त म्हणायचे. त्याचं खरं नाव शेडीवरच्या पाटीवरही नव्हतं, पाटीच नव्हती. आणि मेस्ताचा नियम असा, की पोचा कसा पडला हे खरं सांगितल्याशिवाय तो हातोडी उचलत नसे.

"कसो पडलो?"

गाडी शेडीत लागली की हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, बस नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "काय माहीत, मेस्ता. पार्क केली होती. परत आलो तर असं." मेस्त हातातला पांव चहात बुडवायचा, खायचा, आणि पुन्हा विचारायचा, "कसो पडलो?"

मला आधी वाटलं, हा नुसता चोंबडेपणा. मी तसं म्हणालोही. मी तोंडाळ माणूस आहे, गप्प बसणं मला जमत नाही. मेस्त रागावला नाही. त्याने बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, त्याच्या अंगावर अंगठ्याने तीन ठिकाणी दाबलं. एक, त्याला लागून दुसरा, दोघांच्या मध्ये तिसरा. मग आतून पहिला खोलगा बाहेर ढकलला. डब्याला अशी सुरकुती पडली की म्हाताऱ्याचा गाल. दुसरा डबा घेतला, तसेच तीन दाबले, पण या वेळी तिसरा आधी काढला, मग दुसरा, मग पहिला. टक, टक, टक. डबा गुळगुळीत!

"पळयलंय?" मेस्त म्हणाला. "शेवटाक गेलो तो पयलो भायर काडूंक जाय. उरफाटां. हांव थंय नासलों, तूं आसलो. तूं फट मारलंय जाल्यार हांव चुकतलों. आनी पत्रो सुरकुततलो."

फट म्हणजे थाप. मी दोन्ही डबे हातात घेऊन उभा. एवढ्या वर्षांत मला खरं बोलण्याचं इतकं सरळ कारण कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझे वडील शाळामास्तर होते.

मेस्ताचा अवतार सांगतो. खाकी अर्धी चड्डी, गंजी, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि उजव्या हातात एक पांढरा पायमोजा. पत्रा तपासताना तो मोजा हातात घालायचा, डोळे मिटायचा आणि तळवा गाडीवरून फिरवायचा. उघड्या हाताला घामामुळे पत्र्याची चढउतार कळत नाही, कापडातून केसाएवढी कळते, असं त्याचं म्हणणं. मी एकदा विचारलं, "जोडीतला दुसरा मोजा कुठे?"

"पांयांत."

मी खाली पाहिलं. खरंच, डाव्या पायात मोजा, वर सपाता. उजवा पाय नुसता.

आयुष्यात तो कुठल्याही गाडीत बसला नव्हता. सायकलवरून यायचा, सायकलवरून जायचा. "भितर बसल्यार गाडी दिसना," म्हणायचा. लहानथोर सगळ्यांना अरेतुरे. आमदार असो, मामलेदार असो, "कसो पडलो, बाबा? सांग पळोवया." आणि पुट्टीचा द्वेष असा, की दुसऱ्या गॅरेजवाल्यांचा विषय निघाला तर तो बाहेर जाऊन थुंकून यायचा. खोलगा भरायला ती राखाडी लुकण लिंपतात ना, ती पुट्टी. "पुट्टी म्हणजे मेल्ल्याक पावडर," असं तो म्हणे, आणि ते ऐकून मी कित्येक दिवस पावडर लावली नाही.

लोक त्याच्याकडे जायचे, कारण त्याच्यासारखा हात सगळ्या उत्तर गोव्यात नव्हता. आणि घाबरायचे, कारण पत्रा त्याला वाचता यायचा.

डिचोलीचा एक कंत्राटदार होता. पांढरी कोरी गाडी, पुढचा कोपरा आत. साहेबांबरोबर बाईसाहेबही होत्या, म्हापशाला जाता जाता गाडी दाखवून जाऊ म्हणून. साहेबांनी सांगितलं, "सर्वणला साइटवर होतो. गेटचा खांब लागला." मेस्ताने मोजा चढवला, डोळे मिटले, हात फिरवला. मग नखाने पत्र्याच्या घडीतून काहीतरी खरवडून काढलं आणि चष्मा खाली ओढून पाहिलं.

"गेट पिवळां-काळां आसा?"

"अं? नाही... हो. म्हणजे असेल."

"आनी खाऱ्या वाऱ्यान जंगल्लां. सर्वणाक खारो वारो खंयसून येतलो, बाबा? असो खांबो पणजेक जेटीर आसा. थंयसून लोक कॅसिनोच्या बोटींत वतात."

मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. माझ्या हातातला चहाचा कोप तसाच राहिला.  बाईसाहेबांनी पर्स उघडली, सुटे पैसे पाहिले आणि हायवेवर जाऊन डिचोलीच्या बसला हात केला. साहेब मागून धावले. मेस्ताने शांतपणे खडू घेतला आणि पोच्याच्या बाजूला १ असा आकडा काढला. खरं कळलं, की तो आकडा काढायचा. घाव जितके, तितके आकडे, पडले त्या क्रमाने. मग उलटे मोजत काम सुरू.

"मेस्ता, अरे संसार मोडशील लोकांचे!" मी म्हणालो.

"हांवें कितां केलां? पत्र्यान सांगलां."

मात्र एकदा एक बाई आल्या होत्या, नवऱ्याची स्कूटर टेम्पोतून घेऊन. नवरा अपघातात गेलेला, स्कूटर मुलीला हवी होती. पुढच्या मडगार्डला खोल पोचा. मी वाट पाहत होतो. मेस्ताने मोजा घातलाच नाही. "कसो पडलो" विचारलं नाही. "रंग खंयचो जाय?" एवढंच बोलला. त्या गेल्यावर मी विचारलं, तर म्हणे, "जो सांगतलो आसलो, तो ना. मगे कोणाक विचारूं?" तो पोचा त्याने काढला नाही. वरून रंग दिला. मुलगी तशीच चालवते, मी पाहिली आहे.

आता आमच्या गाडीकडे येतो. म्हणजे माझ्या इज्जतीकडे येतो.

आमचं घर इब्रामपूरला. बाबांनी तरुणपणी एक जुनी जर्मन गाडी घेतली होती, ती कासवाच्या पाठीची, जिचं इंजिन मागे असतं आणि सामानाची पेटी पुढे. पोर्तुगीज असताना बोटीतून आलेली. इब्रामपुरात तेव्हा ती एकच गाडी, आणि ती मास्तरांची. बाबांना अख्खं गाव मास्तर म्हणतं. मास्तर खोटं बोलत नाहीत, हे गावात सूर्य पूर्वेला उगवतो तसं धरून चालतात. घरीदारी बाबा पुस्तकी मराठी बोलतात, बाजारात बांगडे घेतानाही "हे किती दिवसांचे आहेत?" असं विचारतात.

त्या गाडीच्या डाव्या मडगार्डला एक पोचा होता. आमच्या घरी त्याला नाव होतं, रेड्याचा पोचा. गोष्ट अशी. चाळीस वर्षांपूर्वी, मी अकरा वर्षांचा असताना, ताईला डिचोलीकडचं एक स्थळ आलं. घर पैशाचं. मुलगी पाहिली, आणि मुलगी पाहता पाहता गाडी पाहिली. मुलाच्या वडलांनी हसत हसत म्हटलं, "लग्नात मुलाला ही गाडी द्या, म्हणजे झालं." बाबा होय म्हणून बसले. ताई तीन दिवस रडत होती. तिला तो मुलगाच नको होता. पण मास्तरांनी शब्द दिला होता, आणि मास्तरांचा शब्द!

साखरपुड्याला चार दिवस असताना, सकाळी उठून पाहतो तर मडगार्ड चेपलेलं. बाबांनी अंगणात उभं राहून जाहीर केलं, की शेजारच्या सगुणकाकांचा रेडा सुटला आणि त्याने गाडीला शिंग मारलं. डिचोलीला निरोप गेला. मुलाची आई म्हणाली, लग्नाच्या गाडीला यमाचं वाहन शिवलं, नको गं बाई ते अपशकुनी घर. स्थळ मोडलं. पुढे ताईने सर्वणच्या एका शिक्षकाशी लग्न केलं, तो सायकलवरून आला होता, आणि ती आजतागायत सुखात आहे.

सुखात नाहीत ते सगुणकाका. त्यांचा तो रेडा धिरयोतला, म्हणजे रेड्यांच्या झुंजी व्हायच्या त्यातला, नावाजलेला. सगुणकाका देवळात हात जोडून सांगत राहिले, की रेडा गोठ्यात बांधलेला होता. कोण ऐकतं? पलीकडून मास्तर सांगत होते. लोक म्हणू लागले, लग्न मोडणारा रेडा. जो तो दूर सारू लागला. महिन्याभरात काकांनी तो सीमेपलीकडे कुणालातरी देऊन टाकला आणि आमच्या घराशी बोलणं सोडलं. मधे एक गडगा, दगडी कुंपण, इकडे आम्ही, तिकडे ते. चाळीस वर्षं. चवथीला त्यांच्याकडची नेवरी, म्हणजे करंजी, आमच्याकडे यायची, पण ती गडग्यावरून, दोन बायकांच्या हातून, पुरुषांना न कळता.

गाडी पुढे म्हापशाच्या कुणीतरी पुट्टी भरून रंगवली, आणि मग ती खोपीत पडून राहिली ती राहिलीच. गेल्या साली बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. मला थाट करायची हौस. म्हटलं, त्या दिवशी बाबांना त्यांच्याच गाडीतून देवळात न्यायचं, मूळच्या फिक्या निळ्या रंगात! गाडी टेम्पोत घातली आणि धारगळला मेस्ताच्या दारात उतरवली.

"कसो पडलो?"

"रेड्याने मारला," मी छाती काढून म्हणालो. खरं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाची एक ऐट असते, ती मी पुरेपूर केली.

आठ दिवसांनी मेस्ताचा फोन. मेस्त कधी फोन करत नसे. "मास्तराक हाड. त्या वेळार घरांत कोण आसली तांकाय हाड."

"घेऊन येतो, पण काय झालं?"

"रेडो न्हय," मेस्त म्हणाला आणि फोन ठेवला.

मी हसलो. बाबांना सांगितलं, तेही हसले. मग दोघेही हसायचे थांबलो, कारण आई हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना घेऊन धारगळला गेलो. गाडी पाहून मला धक्काच बसला. दारं नाहीत, काचा नाहीत, रंगाचा कण नाही. मांजराची कातडी सोलावी तशी नुसती पत्र्याची उघडी. मडगार्डवरची पुट्टी पार खरवडलेली, आणि तिथे तीन खळगे. खडूने १, २, ३.

"मास्तर, बस," मेस्त म्हणाला. बाबांना 'बस' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बाबाही बसले. "रेडो मारता तेन्ना मान खाली घालता आनी वयर उडयता. शिंग खालसून येता, पत्रो वयर फाटता. हांगा सगळे घाव वयल्यान. आनी हो पयलो, हो दुसरो," त्याने बोट फिरवलं, "वाटकुळे. भोवतणी वळें. लोखणाचें वळें खंय आसता?"

मी पाहिलं. खळग्याच्या काठाने बारीक गोल ठसा, बांगडीएवढा. ते वळं मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आमच्या मुसळाच्या टोकाला.

"मुसळ," आई म्हणाली.

"आई?"

"मीच मारलां," आई म्हणाली, बाबांकडे न पाहता. "पोर रडून रडून सुकली. ह्यांनी शब्द दिल्लो. शब्द मोडूंक येना, गाडी मोडूंक येता. पहाटेक उठलंय, मुसळ घेतलां, दोन घातले."

माझी आई! जी झुरळ मारत नाही, सुपलीवर घेऊन बाहेर सोडते! मी मेस्ताच्या स्टुलावर मटकन बसलो. चाळीस वर्षं याच बाईच्या हातचं जेवत होतो.

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला हे सोसणार कसं? ज्या रेड्यापायी त्यांचा शेजार तुटला, तो रेडाच नव्हता. त्यांना फसवलं गेलं. आणि फसवलं कुणी, तर...

"दोन?" मेस्त म्हणाला.

"दोनच," आई म्हणाली.

"तीन आसात."

"दोन मारले म्हणतंय ना! माका मोजूंक येना?"

"तिसरो मुसळाचो न्हय. टोंकाचो. पारय आसतली." पारय म्हणजे खड्डे खणायची लोखंडी पहार. "कोणेंतरी रेड्याच्या शिंगासारको दिसूंदी म्हणान मारला. पूण ताका शिंग खंयसून येता तां ठावक नासलां. वयल्यान घातलो. धिरयो पळोवंक कधीं गेल्लो ना आसतलो तो."

 आमच्या गावात धिरयो पाहायला कधीच न गेलेला पुरुष एकच होता. शाळेच्या पोरांनी जाऊ नये म्हणून जो स्वतः वाटेवर छडी घेऊन उभा राहायचा.

आई हळूच वळली. "तुम्ही?"

"मी खिडकीतून पाहिलं," बाबा म्हणाले. पुस्तकी मराठीत, पण आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा. "तू मुसळ घेऊन बाहेर पडलीस तेव्हाच जाग आली होती. तू दोन घाव घातलेस आणि आत आलीस, निजलीस. मी उठलो. म्हटलं, नुसती चेपली तर ते लोक म्हणतील, दुरुस्त करून द्या. शब्द तसाच राहील. रेडा हवा. यमाचं वाहन म्हटलं की ती बाई पुन्हा उंबरा चढणार नाही."

"आनी इतलीं वर्सां माका सांगलां ना?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

दोघं एकमेकांकडे पाहत होती, आणि मी दोघांकडे. चाळीस वर्षं एकाच खोलीत निजणारी ही दोन माणसं, दोघांच्या उशाखाली एकच गुपित, आणि दोघंही ते दुसऱ्यापासून जपून ठेवत होती! मला हसू यायला लागलं. खरंच सांगतो, हसू आलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "आनी सगुण?"

हसू गेलं.

बाबांनी मान खाली घातली. मेस्ताने हातोडी उचलली होती, ती खाली ठेवली.

"तिसरो पयलो काडूंक जाय," तो म्हणाला. "पूण ज्याच्या माथ्यार घातलो, ताणें पळोवंक ना. आतां हांवें काडलो जाल्यार पुरावो वता. ताका हाड. ताणें पळयलो की काडटां."

"मेस्ता, कार्यक्रम पंधरा दिवसांवर आलाय," मी म्हणालो.

"मगे बेगीन हाड."

 परतताना मी गाडी चालवत मनात हिशोब करत होतो. काकांना न सांगताही भागेल. म्हापशाला न्यावी, पुट्टी भरावी, रंग मारावा, कुणाला कळणार? मास्तरांचं नाव गावात तसंच राहील. ऐंशी वर्षांची पुण्याई एका खळग्यापायी का घालवायची? मी हे बोललोही. बाबांनी काचेबाहेर पाहतच म्हटलं, "तुला मी शाळेत काय शिकवलं रे?"

दुसऱ्या दिवशी ते गडग्याला वळसा घालून सगुणकाकांच्या पडवीत जाऊन उभे राहिले. मी मागे, जरा लांब. काका अडकित्त्याने सुपाऱ्या कातरत बसले होते. मान वर केली, ओळखलं, पुन्हा सुपारी कातरू लागले.

"सगुण," बाबा म्हणाले, "रेड्यानं मारलं नव्हतं."

"तां हांव चाळीस वर्सां सांगतां."

"मी मारलं. पारयेनं. आणि तुझ्यावर घातलं."

काकांच्या हातातला अडकित्ता थांबला. त्यांनी बाबांकडे पाहिलं. मग उठले आणि आत गेले. अडकित्ता घेऊनच गेले. मी दोन पावलं पुढे झालो; बाबांनी हाताने थांबवलं. मला आता कोयता दिसत होता, पोलीस दिसत होते, वर्तमानपत्र दिसत होतं. काका बाहेर आले ते अंगात धुतलेला सदरा घालून.

"चल. दाखय."

गाडीत काका पुढे बसले, बाबा आणि आई मागे.  वाटेत एकदा काका म्हणाले, "व्हरतना तो पाटीं वळून पळयतालो." रेडा. नेताना मागे वळून बघत होता, एवढंच म्हणाले, आणि मागच्या सीटवर आईने पदर तोंडाला लावला.

मेस्त वाट पाहत असल्यासारखा उभा होता. "ये बाबा. पळय." काका मडगार्डापाशी गेले. वाकले. तीन आकडे पाहिले. मेस्ताने दाखवलेल्या तिसऱ्या खळग्यावर तळहात ठेवला. तळहाताखाली खळगा पुरता झाकला गेला. हात उचलला. पुन्हा ठेवला. मान लाल होत गेली.

"हो?"

"हो," बाबा म्हणाले.

"हो म्हज्या रेड्याचो? इतलोसो?" काका सरळ झाले आणि असे ओरडले की हायवेवरचा नारळवाला धावत आला. "मास्तर, तुका लज ना? सात धिरयो मारल्ले रे ताणें! एका दिसान तीन रेडे धांवडायल्ले! ताणें मारल्लो जाल्यार तुजी गाडी न्हंयेच्या उदकांत सोदूंक जाय आसली! आनी तुवें ह्या... ह्या बशयेएवढ्या खळग्याक ताचें नांव दिलां? चाळीस वर्सां लोक म्हणटात, सगुणाच्या रेड्यान मास्तराची गाडी मारली, हांव मनांत म्हणटां, मारली ना, पूण लोकांक दिसतलां तरी की रेडो कितां आसलो! फट मारलंय ती मारलंय, मास्तर. पूण इतली ल्हान?"

 बाबांची पुस्तकी मराठी कुठच्या कुठे गेली. "चुकलां, सगुण," ते म्हणाले. "माका ठावक नासलां. चुकलां रे."

काका धापा टाकत होते. मग मेस्ताकडे वळले आणि हात पुढे केला.

"मेस्ता, हातोडो दी."

 समोर गाडी, गाडीशेजारी बाबा, आणि काकांचा हात पुढे. मी म्हणालो, "मेस्ता, नको..." मेस्ताने माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीवर हातोडे टांगलेले होते, ते त्याने नजरेने चाचपले.

"ल्हान काय व्हड?"

"व्हड."

मेस्ताने सगळ्यात जड हातोडा काढला, दांडा पुढे करून काकांच्या हातात दिला. मग मोजा घालून डोळे मिटले, मडगार्डवर हात फिरवला आणि खालच्या कडेला एक जागा दाखवली. "हांगा. हांगा मागल्यान कांयच ना, पत्रो मोकळो. खालसून वयर मार. शिंग येता तसो."

बाबांच्याच वयाच्या काकांनी दोन्ही हातांनी हातोडा धरला, गुडघे वाकवले, मान खाली घातली आणि खालून वर असा घाव घातला, की सगळी शेड हादरली. आई "अगो बाय!" म्हणून किंचाळली. बाबांनी डोळे गच्च मिटले होते. पत्रा वर फाटला, वाकला, पुढचा दिवा खोबणीतून सुटून खाली लोंबू लागला. माझ्या सहस्रचंद्रदर्शनाच्या गाडीचं डावं तोंड होत्याचं नव्हतं झालं.

काकांनी हातोडा खाली ठेवला. बराच वेळ ते त्या खड्ड्याकडे पाहत राहिले, आणि मग बाबांच्या खांद्यावर हात टेकून उभे राहिले, कारण त्यांना दम लागला होता.

"पळय, मास्तर," ते म्हणाले. "रेड्याचो असो आसता."

बाबांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

मेस्त पुढे झाला. वाकून, मोजा घातलेला हात नव्या खड्ड्यावरून दोनदा फिरवला, कानावरचा खडू काढला आणि बाजूला ४ लिहिला.

"बरो पडलो," तो म्हणाला. "हो पयलो भायर येतलो."